वाशीचा कांदा बाजाराचा, वाशीची जमीन सिडकोची

प्रश्न : मुलीच्या अकरावीच्या पुस्तकात भारताची अर्थव्यवस्था ‘मिश्र’ आहे, एवढंच वाचायला मिळतं. म्हणजे निम्मी भांडवलशाही, निम्मा समाजवाद का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : निम्मं-निम्मं नाही. एकेका वस्तूपुरती व्यवस्था बदलते. वही घ्या आणि वस्तूगणिक तीन रकाने भरा : मालकी कुणाची, भाव कोण ठरवतं, तोटा कुणाच्या अंगावर.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटपासून सुरुवात करा. मालक शेतकरी, आवक वाढली की भाव उतरतो, तोटा त्याचाच. निव्वळ बाजार वाटतो. पण ८ डिसेंबर २०२३ला केंद्रानं निर्यातबंदी घातली, ती मे २०२४पर्यंत टिकली. गिऱ्हाइकासाठी भाव स्थिर ठेवायचं उद्दिष्ट होतं, त्याची किंमत शेतकऱ्यानं मोजली. म्हणून तिसरा रकाना कधीही रिकामा सोडू नका.

रेशनचं उलट. सरकार हमीभावानं धान्य घेतं. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदय (म्हणजे सर्वांत गरीब) कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३पासून तेही मोफत. धान्य कुणाला मिळणार हे इथे खिसा नव्हे, यादी ठरवते. अडचणही तिथेच : यादीत नाव नसेल तर भूक असूनही धान्य नाही. सोव्हिएत संघात जवळजवळ सगळ्याच वस्तूंचं उत्पादन आणि भाव वरून ठरत. भाव कमी आणि माल अपुरा, म्हणून दुकानांपुढे रांगा लागत.

आता पायाखालची जमीन. १९७०मध्ये सिडको हे सरकारी नगरविकास महामंडळ स्थापन झालं, ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई शहर आखलं गेलं. रस्ते, नोड (म्हणजे वाशीसारखे उपनगरी विभाग), शाळांच्या जागा नियोजनानं ठरल्या. पण अनेक भूखंड निविदा काढून जास्त बोली लावणाऱ्याला गेले, आणि तेही ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. एकाच भूखंडावर नियोजन आणि बाजार दोन्ही! ‘हे सगळं कुणासाठी?’ हा प्रश्न मात्र जमीन गेलेल्या आगरी-कोळी गावांना रस्त्यावर येऊन विचारावा लागला. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली : १०,००० चौरस मीटर जमीन गेली असेल तर १,२५० चौरस मीटर विकसित भूखंड, त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कपात. समन्याय (प्रत्येकाला न्याय्य वाटा) हे उद्दिष्ट मुलीला शिकवताना हे उदाहरण अवश्य सांगा; पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ते जवळचं आहे.

प्रश्न : नौपाड्यात पागडीच्या (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्यानं घेतलेल्या) घरात राहतो. भाडं ८० रुपये, मालक गळतीही काढत नाही. हा दोष भांडवलशाहीचा की समाजवादाचा? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोष गोठवलेल्या भाड्याचा. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडेकरूला निवाऱ्याची शाश्वती दिली, ती गरजेचीच होती. पण भाडं जागचं हललं नाही आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ८० रुपयांवर ती ३ रुपये २० पैसे होते. त्यात गळती कशी निघणार? घराची शाश्वती आणि इमारतीची देखभाल ही दोन उद्दिष्टं आहेत, एकट्या भाड्यावर दोन्ही टांगू नका. भाडेकरूंनी मिळून दुरुस्तीची वर्गणी काढावी, खर्चाच्या पावत्या जपाव्यात. पुनर्विकासाची बोलणी निघालीच तर मिळणारं क्षेत्रफळ, काम सुरू असतानाचं पर्यायी घरभाडं आणि ताब्याची तारीख नोंदणीकृत करारात लिहून घ्या. तोवर घर रिकामं करू नका.