जपानी माणसाला इंग्रजी शिकवताना

पहिल्याच वर्गाला व्याकरण काढू नकोस. आधी जपानीत रुळलेले इंग्रजी शब्द समजून घे, खरी गफलत तिथेच होते. त्यांचं 'मान्शोन' (मॅन्शन) म्हणजे काँक्रीटच्या इमारतीतला साधा फ्लॅट, 'कोन्सेन्तो' म्हणजे भिंतीवरचा प्लग पॉइंट, 'कुरेमु' (क्लेम) म्हणजे तक्रार. 'साबिसु' (सर्व्हिस) म्हटलं की काहीतरी फुकट मिळणार. 'बायकिंगु' (व्हायकिंग) म्हणजे बुफे. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये बुफेला हे नाव दिलं आणि ते देशभर पसरलं. विद्यार्थी हे शब्द अस्सल इंग्रजी समजूनच वापरतो. तेव्हा लगेच खोडू नकोस. "हा जपानीतला अर्थ, बाहेर असं म्हणतात," इतकंच सांग. सारखं टोकलं की तो बोलायचाच थांबतो, हे मी पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

दुसरं, नकारार्थी प्रश्न. "डोन्ट यू लाइक कॉफी?" असं विचारलंस आणि त्याला आवडत नसेल, तर तो "येस" म्हणेल. आपणही "तुला कॉफी आवडत नाही?" ला "हो, नाही आवडत" म्हणतोच की! त्यामुळे त्याची अडचण तुला चटकन उमगेल. त्याला सांग, प्रश्न कसाही असो, आवडते तर येस, नाही तर नो. यावर भरपूर वेळ घाल. रोज वर्ग सुरू होताना असे पाच प्रश्न विचार.