रिव्ह्यूत एक, हातात दुसरं : स्विच २ विषयी वाचकांचे प्रश्न

निन्टेंडो स्विच २ हा व्हिडिओ गेम खेळण्याचा कन्सोल ५ जून २०२५ रोजी आला. डॉकमध्ये (टीव्हीला जोडलेल्या स्टँडमध्ये) ठेवला की टीव्हीवर चालतो, उचलला की हातात. समीक्षकांचे रिव्ह्यू आणि खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रिया यांचा मेळ बसत नसल्याचं अनेक वाचकांनी कळवलं आहे. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : कन्सोल विक्रीला आला तरी बऱ्याच समीक्षकांनी गुण दिले नाहीत, ‘रिव्ह्यू अजून पुरा झालेला नाही’ एवढंच लिहिलं. खेळणारे म्हणतात, कंपनीला दुखवायचं नव्हतं म्हणून ही पळवाट. खरं काय?

या बाबतीत समीक्षकांची बाजू बळकट आहे. स्विच २ला पहिल्याच दिवशी सिस्टिम अपडेट घ्यावं लागत होतं, आणि त्याशिवाय जुन्या स्विचचे खेळही चालत नव्हते. अपडेटआधी कन्सोल हाती आला असता तरी बऱ्याच गोष्टी तपासता आल्या नसत्या. दोन दिवसांत गुण ठोकून देण्यापेक्षा थांबणं हेच प्रामाणिकपणाचं होतं.

घाईत काय सापडतं आणि काय सुटतं, याचं चांगलं उदाहरण पहिल्या स्विचचं आहे. तो ३ मार्च २०१७ रोजी आला. डाव्या जॉयकॉनचा (कन्सोलच्या बाजूला लागणाऱ्या सुट्या कंट्रोलरचा) संपर्क मधेच तुटतो, ही तक्रार समीक्षकांनी विक्रीआधीच मांडली होती आणि ती खरी निघाली. दुरुस्तीला गेलेल्या जॉयकॉनमध्ये वीजवाहक फोमचा छोटा तुकडा बसवून दोष काढला गेला. पण पुढे त्याच जॉयकॉनची सर्वांत मोठी तक्रार ठरलेला स्टिक ड्रिफ्ट (दिशा देणारी दांडी न हलवताही ती हलल्यासारखी कन्सोलला वाटणं) त्या पहिल्या रिव्ह्यूंत नव्हता, कारण तो दिसायला महिने लागतात. म्हणून रिव्ह्यू उघडला की गुणांच्याही आधी तारीख बघा, आणि कन्सोल किती दिवस वापरला होता ते शोधा.

प्रश्न : एक समीक्षक स्क्रीनला डोक्यावर घेतो, दुसरा म्हणतो चित्र पुसट दिसतं. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही. फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत.

स्क्रीन ७.९ इंची, १०८० पी (चित्राच्या १०८० आडव्या ओळी), १२० हर्ट्झची (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारी) आहे. २०१७च्या स्विचची ६.२ इंची, ७२० पी होती. तिच्याशेजारी ठेवली तर नवी स्क्रीन मोठी आणि रेखीव वाटणारच. स्थिर चित्र, मेनू, अक्षरं यांबाबत कौतुक रास्त आहे.

पुसटपणा हालचालीत येतो. सेकंदाला ६० फ्रेम चालतात तेव्हा एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते. तेवढ्या वेळात पिक्सेलने आपला रंग पुरता बदलायला हवा. या एलसीडी पॅनेलचे पिक्सेल बदलायला जास्त वेळ घेतात, त्यामुळे मागच्या फ्रेमची सावली पुढच्या फ्रेमवर उरते. कॅमेरा आडवा फिरला की झाडं-भिंती माखल्यासारख्या दिसतात. ओलेड स्क्रीनचे पिक्सेल (स्वतःच उजळणारे ठिपके) कितीतरी पटींनी लवकर बदलतात, म्हणून स्विच ओलेड हे जुनं मॉडेल वापरणाऱ्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत खटकतं. २०१७च्या मॉडेलवरून आलेल्या अनेकांना ते तेवढं खटकत नाही. वादाचं मूळ इथे आहे : कोण कुठल्या स्क्रीनवरून आला.

काळा रंगही ओलेडइतका गडद नाही. स्क्रीनच्या मागे वेगवेगळ्या भागांचा प्रकाश स्वतंत्रपणे कमी करण्याची सोय नसल्याने हातातल्या एचडीआरकडून (उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणाऱ्या सोयीकडून) फार अपेक्षा नको. यातली कुठलीही गोष्ट सेटिंगने सुधारत नाही. विकत घेण्याआधी आडवा पळणारा एखादा खेळ हातात घेऊन बघा. पात्राऐवजी मागच्या देखाव्याच्या कडांवर नजर ठेवा. कोडी आणि पाळीपाळीने खेळायचे खेळ यांच्यासाठी हा दोष नगण्य आहे.

एक सूचना : काचेवर कारखान्यातूनच बसवलेली पातळ फिल्म असते. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती आहे. संरक्षक कागद समजून ती सोलू नका.

प्रश्न : टीव्हीवर एचडीआर सुरू केलं की रंग फिके, धुतल्यासारखे दिसतात. रिव्ह्यूत तर स्तुती होती.

कन्सोल बिघडलेला नाही. बहुतेक वेळा टीव्ही आणि कन्सोल दोघेही एकाच वेळी उजेड जुळवू पाहतात आणि चित्र फिकं पडतं. क्रम असा ठेवा. आधी टीव्हीवर गेम मोड लावा. त्यात एचजीआयजी नावाचा (उजेड जुळवण्याचं काम कन्सोलवर सोडणारा) पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर डायनॅमिक टोन मॅपिंग (टीव्हीने उजेड आपोआप बदलणं) बंद करा. मग कन्सोलच्या डिस्प्ले सेटिंगमधून एचडीआर जुळवणी नव्याने करा. आधी जुळवणी आणि नंतर टीव्हीचा मोड असा उलटा क्रम झाला तर सगळं पुन्हा करावं लागतं. एचडीआर फक्त ते असलेल्या खेळांपुरतं चालू ठेवा. जुन्या साध्या खेळांवर ते लादलं की रंग हमखास बिघडतात.

केबल पेटीत आलेलीच वापरा. पहिल्या स्विचची एचडीएमआय केबल ४के, ६० फ्रेम आणि एचडीआर एकत्र वाहून नेण्याइतकी सक्षम नाही. १२० फ्रेम हव्या असतील तर डॉकमधून त्या १४४० पी किंवा १०८० पीवर मिळतात, ४केवर नाही.

प्रश्न : बॅटरी कोणी दोन तास सांगतं, कोणी सहा. एवढा फरक कसा?

निन्टेंडोचा स्वतःचा आकडाच सुमारे २ ते ६.५ तास आहे. बॅटरी ५२२० एमएएचची, म्हणजे ढोबळमानाने २० वॉट-तासांची. ती २ तासांत संपली तर कन्सोल १० वॉट खातोय, आणि साडेसहा तास टिकली तर ३ वॉट. भारी त्रिमिती खेळ आणि साधा द्विमिती खेळ यांत एवढं अंतर पडतंच. रिव्ह्यूत खेळाचं नाव आणि ब्राइटनेस दिलेला नसेल तर बॅटरीचा आकडा सोडून द्या, त्याला अर्थ नाही.

प्रवासात ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि विमान मोड लावा. जोडलेले जॉयकॉन तरीही चालतात. बहुतेक वेळ डॉकमध्येच खेळत असाल तर चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सेटिंग चालू ठेवा, बॅटरीचं आयुष्य वाढतं. पॉवर बँक घेताना गणित तेच : खेळताखेळता चार्ज व्हायचं असेल तर ती १० वॉटपेक्षा बरीच जास्त देणारी हवी. डॉकला मात्र सोबतचाच ६० वॉटचा अडॅप्टर लावा. जुन्या स्विचचा ३९ वॉटचा अडॅप्टर नव्या डॉकला पुरत नाही.

टक्केवारी अचानक उडते, ‘बॅटरी संपली’ दाखवूनही कन्सोल चालत राहतो, असंही काहींनी कळवलं आहे. तिथे बहुधा बॅटरी ठीक असते आणि मोजणी चुकते. कन्सोल पूर्ण बंद करा. आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरून पॉवर एकदा दाबा आणि रिकव्हरी मोडचा मेनू येईपर्यंत ती दोन बटणं सोडू नका. मेनूत काहीही न निवडता तिथूनच कन्सोल बंद करा आणि नेहमीसारखा सुरू करा. डेटा पुसणारे पर्याय त्याच मेनूत असतात, त्यांना हात लावू नका.

प्रश्न : समीक्षकांनी स्टिक ड्रिफ्टचा विषय दोन ओळींत गुंडाळला. खेळणाऱ्यांचा राग योग्य नाही का?

राग योग्य आहे, पण रोख चुकतोय. आठवडाभर वापरलेल्या स्टिकबद्दल समीक्षक काहीच ठामपणे सांगू शकत नाही. ‘आता ड्रिफ्ट होणार नाही’ असं ज्याने लिहिलं असेल, त्याच्यावर मात्र जरूर रागवा.

जॉयकॉन २च्या स्टिक आकाराने मोठ्या आणि हालचालीत मऊ आहेत, पण त्या हॉल इफेक्टच्या (चुंबकाने दिशा ओळखणाऱ्या) नाहीत. हे निन्टेंडोनेही सांगितलं आहे. आत अजूनही पोटेन्शिओमीटर आहे : कार्बनच्या पट्टीवर धातूची पातळ जीभ घासत फिरते आणि तिच्या जागेवरून दिशा कळते. घासणं आलं म्हणजे झीज आली, आणि झिजलेली भुकटी व धूळ मिळून खोटी दिशा दाखवतात. हॉल सेन्सरमध्ये चुंबकामुळे स्पर्शच होत नाही. पहिल्या जॉयकॉनच्या त्रासाबद्दल कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी २०२० साली भागधारकांपुढे दिलगिरी व्यक्त केली होती. तेवढं होऊनही तेच तंत्र पुन्हा यावं, याबद्दलची खेळणाऱ्यांची नाराजी आम्हालाही पटते.

तुमची स्टिक तपासायला कंट्रोलरच्या सेटिंगमधून स्टिक कॅलिब्रेशन (स्टिकची मधली जागा नव्याने ठरवण्याची सोय) उघडा. स्टिक जोरात फिरवा, सोडा, आणि खूण मधोमध थांबते का ते बघा. दहा-बारा वेळा वेगवेगळ्या दिशांनी करा, एकदा करून कळत नाही. खूण प्रत्येक वेळी त्याच बाजूला थोडी सरकलेली असेल तर कॅलिब्रेशनने भागेल. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल किंवा थरथरत असेल तर झीज आहे, आणि तिला सेटिंग पुरी पडत नाही. वॉरंटी असेपर्यंत जॉयकॉन उघडू नका.

प्रश्न : जुने खेळ नव्या कन्सोलवर सुधारतात असं रिव्ह्यू म्हणतात. माझे काही खेळ हातात उलट धूसर दिसतात.

सुधारणा वेगात आहे, रेखीवपणात नाही. पूर्वी अडखळणारे अनेक खेळ आता स्थिर चालतात. पण खेळ स्वतः अपडेट झाला नसेल तर हातात तो सहसा ७२० पीचंच चित्र काढतो, आणि ते १०८० पीवर ताणलं जातं. ताण दीडपट, म्हणजे एका पिक्सेलला दीड पिक्सेल जागा. अर्धा पिक्सेल रंगवता येत नाही, म्हणून कडा मिसळून दाखवाव्या लागतात. त्या खेळाला स्विच २साठीचं अपडेट आलं आहे का ते बघा. नसेल तर तो डॉकमध्ये खेळा, तिथे तो आपलं टीव्हीसाठीचं जास्त रेखीव चित्र काढतो.

नव्या खेळांतही हात आणि डॉक यांत फरक असतोच. ग्राफिक्स चिप डॉकमध्ये १००७ मेगाहर्ट्झवर चालते, हातात ५६१वर. समीक्षकाने टीव्हीवर खेळून लिहिलं आणि तुम्ही हातात खेळताय, तर तुमचं मत वेगळं पडणारच.

प्रश्न : जुनं मायक्रोएसडी कार्ड चालेल का?

खेळ ठेवायला नाही. त्यासाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं, २ टीबीपर्यंत. जुन्या कार्डावरचे फोटो आणि व्हिडिओ तेवढे नव्या कन्सोलमध्ये घेता येतात. अंतर्गत जागा २५६ जीबी आहे आणि खेळ सर्वांत लवकर तिथूनच उघडतात, त्यामुळे मोठे आणि रोजचे खेळ आत ठेवा, बाकीचे कार्डावर. की-कार्डवर मिळणारे खेळ घेत असाल तर जागेचा हिशेब आधीच करा : त्या कार्डात खेळ नसतो, तो पूर्ण डाउनलोड करावा लागतो, आणि तरीही खेळताना कार्ड आत घालावंच लागतं.