प्रश्नाला दोन रकाने

प्रिय,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

तरुण संघात येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या याईराच्या मुलीबद्दल विचारलंस आणि ‘एवढी चिकित्सा बरी नव्हे’ असं ऐकून घ्यावं लागलं, हे कळलं. मला तुझा प्रश्न आवडला. चिकित्सेने विश्वास सहसा जात नाही, अर्धवट सोडलेल्या चिकित्सेने जातो. एक विसंगती सापडते, मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला जातो आणि माणूस निकाल लावून मोकळा होतो. बिरुया गावातल्या लोकांनी तर खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून ताडून पाहिलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या 17व्या अध्यायात त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे.

तेव्हा तुझाच प्रश्न घेऊ. मार्काच्या शुभवर्तमानात बाप येशूला म्हणतो, मुलगी मरायला टेकली आहे. ती गेल्याचा निरोप वाटेत येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो आल्या आल्याच सांगतो की ती आत्ताच मेली. मग खरं कुठलं?

एका कागदावर मधोमध उभी रेघ मार. डावीकडे मार्क 5:21–43, उजवीकडे मत्तय 9:18–26. प्रत्येक घटना आपल्या शब्दांत, एकेका ओळीत लिही. अर्थ लावायची घाई नको, आधी फक्त नोंद. मार्काची 23 वचनं आहेत, मत्तयाची 9. उजव्या रकान्यात रिकाम्या जागा पडत जातील. याईराचं नाव नाही, घरून निरोप घेऊन येणारी माणसं नाहीत, ‘मला कोण शिवलं?’ ही विचारपूस नाही, पेत्र-याकोब-योहान यांना तेवढं आत नेल्याचा उल्लेख नाही. पण पावा वाजवणारे मात्र मत्तयात आहेत आणि मार्कात नाहीत. म्हणजे मत्तय नुसता घाईत नाही, तो निवडून लिहितो आहे. निरोपे गाळले की मृत्यूची बातमी बापाच्या पहिल्याच वाक्यात घालावी लागते.

हे एकाच जागी घडलं असतं तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. आजारी चाकरासाठी येशूकडे मदत मागणाऱ्या शताधिपतीची, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याची, गोष्टही अशीच ताडून बघ. लूक 7 मध्ये तो आधी यहूदी वडील पाठवतो, मग मित्र. मत्तय 8 मध्ये मधली माणसं गळतात आणि तो स्वतःच येऊन बोलतो. हौस असेल तर याईराच्या कागदावर लूक 8 चा तिसरा रकाना कर. याच गोष्टीत वाटेत येशूला शिवलेल्या रक्तस्रावाच्या बाईला वैद्यांनी फार हाल सोसायला लावले, पैसा संपला आणि दुखणं वाढलं, असं मार्क सरळ सांगतो. लूक ते हाल आणि दुखणं वाढल्याचं गाळतो, ती कोणाकडूनही बरी होईना असं म्हणतो. परंपरा लूकला वैद्य मानते, तेव्हा थोडं हसलीस तरी चालेल.

एवढं करूनही ‘बाप नेमकं काय बोलला?’ हे उरतंच. उरू दे. एक वही कर, डाव्या पानावर प्रश्न आणि तारीख, उजवं पान कोरं. काही उजवी पानं वर्षभर कोरी राहतील. ती भरायची म्हणून कुठलंही पहिलं उत्तर चिकटवून टाकू नकोस.

वहीत लिहिताना प्रश्नाची जात ओळख. याईराचा प्रश्न मजकुराचा आहे, तो बराचसा कागदावर सुटतो. इतिहासाच्या प्रश्नाला नोंदी शोधाव्या लागतात. नाशिकच्या शरणपूर रोडने रोज ये-जा करतेस, पण तिथल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं शिकली, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत असतं? त्यांतला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंगस्टन याचं शव घेऊन लंडनपर्यंत गेला. अशा गोष्टी कळल्या की ‘आपला धर्म इथे कसा आला’ या प्रश्नाचं एका ओळीतलं उत्तर पुरत नाही, ना अभिमानाचं, ना टीकेचं.

दुखण्याचा प्रश्न वेगळा. ‘आईला हे का झालं?’ असं कोणी विचारलं तर वही काढू नकोस. संकटांनी गांजलेल्या ईयोबाचे मित्र तिथेच चुकले. त्यांची उत्तरं व्यवस्थित होती, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला (ईयोब 42:7). अशा वेळी 88वं स्तोत्र वाच. ते अंधारातच संपतं, कोणी त्याला गोड शेवट जोडलेला नाही.

प्रसादाचं विचारलं होतंस. मैत्रिणीकडे गणपती, हातावर मोदक, घ्यावा की नाही? करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 8 आणि 10 सलग वाच, एक वचन उचलून नको. पौल तीन प्रसंग वेगळे करतो. देवळात पंगतीला बसणं, बाजारात विकत घेतलेलं मांस आणि कोणाच्या घरचं आमंत्रण. बाजारातलं न विचारता खा, घरी वाढलेलंही खा. पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नको. आपल्यात काही घरं या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून नम्रपणे नको म्हणतात, तर काही ‘मूर्ती काहीच नाही’ (8:4) म्हणून घेतात. तुझ्या घरचं काय आहे आणि का आहे, हे आईवडिलांना विचार. नको म्हणायचं ठरलं तर तोंड वाकडं न करता म्हण, आणि चहा मात्र घे.

उत्तरं मिळेपर्यंत उपासना बंद, असं करू नकोस. घाईही नको. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर.

पाळकसाहेबांना उपासनेनंतर दारात गाठू नकोस. तिथे पन्नास जण हात मिळवायला उभे असतात आणि त्यांच्याकडून ‘प्रार्थना कर’ एवढंच निघेल. मधल्या वारी अर्धा तास मागून घे. एकच प्रश्न आणि तो दोन रकान्यांचा कागद घेऊन जा. सुरुवात ‘तुम्ही याबद्दल काय वाचलं आहे?’ अशी कर. ‘तुम्ही चुकीचं शिकवलंत’ म्हणालीस तर अर्धा तास त्यातच जाईल.

आणि दुसऱ्या मंडळीतही जाऊन ये. बाळांचा बाप्तिस्मा की मोठेपणी, यावर मंडळ्यांत वाद आहेत. 1970 मध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने दोन्ही पद्धती ठेवल्या. त्या कशा निभावतात ते तिथल्याच कोणाला विचार. कॅथलिक मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, बघायची असेल तर नाशिक रोडच्या बाळ येशूच्या तीर्थस्थानाला जा, पण फेब्रुवारीतल्या यात्रेच्या गर्दीत नको, साध्या रविवारी. मागच्या बाकावर बस. ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागली की जागेवरच थांब, तो फक्त कॅथलिकांसाठी असतो. काय बघितलंस ते लिहून कळव.