संगणक-शंकासमाधान : डिस्कच्या हिशोबाची परीक्षा कशी घ्यावी?

लिनक्स कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) डिस्कवरील वाचन-लेखनाची नोंद कुठे आणि कशी ठेवतो, याविषयी या सदरात पूर्वी थोडक्यात लिहिले होते. त्यानंतर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे : ही नोंद बिनचूक आहे की नाही, हे तपासायचे कसे? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून डिस्क-नोंदींची चाचणी हा आमच्या गटाचा प्रकल्प आहे. सी भाषेत लिहिलेला आमचा प्रोग्रॅम ६४ एमबीची फाइल लिहितो आणि न संपता थांबून राहतो, म्हणजे त्याची नोंद पाहता येते. लेखन होताच प्रॉकमधील (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधील) त्या प्रोसेसच्या ‘आयओ’ फाइलमध्ये राइट-बाइट्स सुमारे ६४ एमबी दिसतात. पण डिस्कस्टॅट्समधील (प्रॉकमधील डिस्कनिहाय नोंदींच्या फाइलीतील) लिहिलेल्या सेक्टरांचा, म्हणजे ५१२ बाइटच्या तुकड्यांचा, आकडा जागचा हलत नाही. अर्ध्या मिनिटाने तो वाढतो, तोही अपेक्षेपेक्षा जास्त. फाइल लिहून लगेच पुसली, तर राइट-बाइट्स तेवढेच राहतात आणि डिस्कचा आकडा मात्र वाढतच नाही. आमचे मार्गदर्शक म्हणतात की दोहोंपैकी एक काउंटर चुकत असला पाहिजे. कोणता? — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : दोन्ही काउंटर बरोबर आहेत, आपली चाचणी त्यांना एकच प्रश्न विचारते आहे, ही अडचण आहे. मोंढ्यात माल फाटकावरच्या काट्यावर शेतकऱ्याच्या नावे चढतो आणि गोदामात तो हमालाच्या पाठीवरून, सवडीने जातो. भर दुपारी फाटकाची वही आणि गोदामाची वही जुळली नाही, म्हणून कोणी मापाड्याला दोष देत नाही.

प्रोग्रॅम जेव्हा फाइलमध्ये लिहितो, तेव्हा मजकूर आधी मेमरीतील पेज-कॅश या तात्पुरत्या साठ्यातील पानांत जातो आणि ती पाने ‘डर्टी’, म्हणजे अजून डिस्कवर न गेलेली, म्हणून खुणावली जातात. राइट-बाइट्स हा आकडा त्याच क्षणी, म्हणजे स्वच्छ पान डर्टी होताना वाढतो. पुढे ती पाने डिस्कवर नेण्याचे काम कर्नलचा वेगळा धागा करतो, आणि त्या वेळी मूळ लिहिणारी प्रोसेस कदाचित संपलेलीही असते. खर्च कोणाच्या नावे टाकायचा हे त्या टप्प्यावर सांगणे अवघड असल्यामुळे, २००७ साली आलेल्या २.६.२० या आवृत्तीत प्रोसेसनिहाय नोंद सुरू झाली तेव्हा ती पान डर्टी करणाऱ्याच्या नावे आधीच टाकून देण्याचा मार्ग पत्करला गेला. व्यवहारी तोडगा म्हणून तो मला पटतो. मात्र राइट-बाइट्सचा अर्थ ‘डिस्कवर पोचलेले बाइट’ असा घेणाऱ्याची तो हमखास फसगत करतो.

आपल्याला दिसलेल्या अर्ध्या मिनिटाचेही कारण यातच आहे. डर्टी पान किती जुने झाल्यावर लिहायला काढायचे, याची मूळ मर्यादा ३००० सेंटिसेकंद, म्हणजे ३० सेकंद असते. आणि अशी पाने शोधणारा धागा दर ५०० सेंटिसेकंदांनी, म्हणजे ५ सेकंदांनी जागा होतो. डर्टी पाने मेमरीच्या ठराविक टक्केवारीच्या वर गेली तर लेखन याहून लवकर सुरू होते, पण ६४ एमबीसाठी आजच्या संगणकावर सहसा तशी वेळ येत नाही.

फाइल लगेच पुसल्यावर काय झाले, हे पाहण्यासाठी त्याच ‘आयओ’ फाइलमधील शेवटची ओळ वाचावी. तिचे नाव कॅन्सल्ड-राइट-बाइट्स. राइट-बाइट्समध्ये एकदा चढलेला आकडा कर्नल मागे घेत नाही. डर्टी पाने डिस्कवर जाण्याआधीच टाकून द्यावी लागली, तर तेवढे बाइट या दुसऱ्या खात्यात लिहिले जातात. येथे एक खाचखळगा आहे. ही नोंद पाने टाकून देणाऱ्या प्रोसेसच्या नावे होते, ती डर्टी करणाऱ्याच्या नावे नव्हे. म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने फाइल लिहून बंद केली आणि आपण दुसऱ्या टर्मिनलवरून आरएम कमांडने ती पुसली, तर प्रोग्रॅमच्या खात्यात रद्द लेखन शून्य दिसेल आणि आरएमच्या खात्यात, ते पाहण्याआधीच संपून जाणाऱ्या खात्यात, ते सर्व जमा होईल. त्यामुळे फाइल पुसण्याचे काम चाचणीच्या प्रोग्रॅमनेच करावे.

आता प्रकल्पासाठी. ‘प्रोसेसचा आकडा = डिस्कचा आकडा’ अशी अट चाचणीत घालू नका; प्रत्येक काउंटरला त्याच्या जागेचाच प्रश्न विचारा. एक चाचणी मला विशेष उपयोगी वाटते, कारण ती लहान आहे आणि तिचे उत्तर कागदावर आधी काढता येते. ४०९६ बाइटची, म्हणजे एका पानाची, फाइल तयार करून एफसिंक (मजकूर लगेच डिस्कवर पाठवण्याची आज्ञा) करा, म्हणजे तिचे पान स्वच्छ होईल. मग ‘आयओ’ फाइलचे आकडे टिपून घ्या, फाइलच्या आरंभी तेच ४०९६ बाइट लागोपाठ १०० वेळा लिहा आणि पुन्हा आकडे टिपा. डब्ल्यू-चार हा आकडा प्रत्येक राइट कॉलमधील बाइट मोजतो, म्हणून तो ४,०९,६०० ने वाढला पाहिजे. राइट-बाइट्स मात्र पान एकदाच डर्टी झाल्यामुळे ४०९६ ने वाढावा. त्याच स्वच्छ पानात केवळ १ बाइट लिहिला तरी राइट-बाइट्स पूर्ण पानाएवढाच वाढतो. हीच चाचणी टीएमपीएफएसवर (केवळ मेमरीत राहणाऱ्या फाइल सिस्टीमवर) चालवली तर डब्ल्यू-चार वाढेल आणि राइट-बाइट्स जागेवर राहील, कारण त्या फाइलींच्या मागे डिस्कच नाही.

डिस्कच्या बाजूने तपासायचे असेल तर लेखनानंतर एफसिंक करून मगच डिस्कस्टॅट्स वाचा. ६४ एमबी म्हणजे ६,७१,०८,८६४ बाइट, आणि ५१२ ने भागल्यावर १,३१,०७२ सेक्टर. अट ‘किमान एवढे’ अशी ठेवा. फाइल सिस्टीमचे जर्नल (बदलांची नोंदवही), आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती), वाटपाचे नकाशे आणि त्याच वेळी चाललेले इतर प्रोग्रॅम या सर्वांचे लेखन त्याच रकान्यात पडते. आपला आकडा जास्त आला तो यामुळे.

प्रश्न : माझ्याकडे एकच लॅपटॉप व त्यात एकच डिस्क आहे. चाचणीसाठी मोकळी डिस्क नाही, आणि आहे त्या डिस्कवर सिस्टीमचे लेखन सतत चालू असते. ‘किमान’ऐवजी नेमका आकडा तपासता येईल, असा काही मार्ग आहे का? — एक वाचक, परभणी

उत्तर : आहे, आणि कर्नलचे विकासकही तोच वापरतात. नल-ब्लॉक नावाचे मॉड्यूल लोड केल्यास नल-बी-शून्य हे डिस्कसारखे दिसणारे पण मागे कोणतेही साठवण-माध्यम नसलेले उपकरण तयार होते. त्यावर फाइल सिस्टीम नसते, जर्नल नसते, आणि आपल्याशिवाय तेथे कोणी लिहीत नाही. डीडी या, मजकूर जसाच्या तसा उतरवणाऱ्या, कमांडला ४ केबीचा ब्लॉक, १०० ही संख्या आणि ओफ्लॅगमध्ये डायरेक्ट असे सांगून थेट त्या उपकरणावर लिहा. डायरेक्ट पर्यायामुळे पेज-कॅश टाळली जाते. पूर्ण झालेली लेखने नेमकी १०० आणि सेक्टर नेमके ८०० वाढले पाहिजेत; एकनेही फरक पडला तर तो शोधण्याजोगा आहे.

वेळेचे रकाने तपासण्यासाठी तर या मॉड्यूलला तोड नाही. आयआरक्यू-मोड २ (टायमरने पूर्तता) ठेवून पूर्ततेचा कालावधी १,००,००,००० नॅनोसेकंद दिला, तर प्रत्येक विनंती सुमारे १० मिलिसेकंदांनी पूर्ण होते. वरील १०० लेखने एकामागून एक केली तर लेखनाच्या वेळेचा रकाना सुमारे १००० मिलिसेकंदांनी वाढेल. मग फायो या साधनाने एकावेळी ८ विनंत्या रांगेत ठेवून तेवढीच लेखने करा : प्रत्येक विनंतीला १० मिलिसेकंद लागतातच, म्हणून तो रकाना पुन्हा १००० च्या आसपास वाढेल, पण घड्याळात सुमारे १३० मिलिसेकंदच गेलेले असतील. लेखनाची वेळ आणि उपकरण कामात असल्याची वेळ हे दोन रकाने वेगळे का ठेवले आहेत, हे या एका प्रयोगात समजते. काम संपल्यावर चालू विनंत्यांचा रकाना शून्यावर आला आहे ना, तेही पाहावे; तो तसाच अडकून राहिला तर नोंदीच्या आरंभ आणि शेवट या जोडीतील एक पाय निसटला, असे समजावे.

दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. शेजारच्या विनंत्या कर्नल एकत्र करू शकतो. मग पूर्ण लेखनांची संख्या घटते आणि एकत्रीकरणाचा रकाना वाढतो. हे नको असेल तर उपकरणाच्या क्यू फोल्डरमधील नोमर्जेस या फाइलीत २ लिहावे. दुसरे म्हणजे, नवे उपकरण दिसताच, तसेच लेखनासाठी उघडलेले उपकरण बंद होताच, यूडेव्ह (उपकरणांची दखल घेणारी लिनक्सची सेवा) ते पुन्हा तपासते. त्यामुळे आपण एकही बाइट न वाचता वाचनाचे रकाने वाढलेले दिसतात. यूडेव्हचे काम संपेपर्यंत थांबावे, किंवा लेखनाच्या चाचणीत वाचनाचे रकाने विचारातच घेऊ नयेत.

हे सर्व आभासी यंत्रात करणे श्रेयस्कर. उपकरणाचे नाव टाइप करताना एक अक्षर चुकले, तर डीडी आपल्या खऱ्या डिस्कवर लिहायला मागेपुढे पाहणार नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीत सर्व्हरच्या डिस्कचा वापर आयओस्टॅट या साधनातील ‘यूटिल’ (वापर) टक्क्यांवरून ठरतो. कर्नल बदलल्यावर त्याच कामाला वेगळे टक्के दिसू लागले आणि आमची स्वयंचलित चाचणी नापास झाली. शिवाय एनव्हीएमई (वेगवान, न फिरणारी) डिस्क १०० टक्के दिसत असूनही आणखी काम सहज पेलते. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : टक्क्यांचा हा आकडा डिस्कस्टॅट्समधील १३ व्या रकान्यावरून निघतो. निदान एक तरी विनंती चालू होती असा किती काळ गेला, एवढेच तो रकाना सांगतो. एका वेळी एकच काम करणाऱ्या जुन्या फिरत्या डिस्कसाठी तो काळ म्हणजेच क्षमतेचा वापर, असे मानता येत असे. अनेक विनंत्या समांतर हाताळणाऱ्या एनव्हीएमईबाबत १०० टक्क्यांचा अर्थ ‘ती कधी रिकामी बसली नाही’ एवढाच उरतो. तिच्या क्षमतेविषयी निर्णय घ्यायचा असेल तर प्रत्येक विनंतीला लागणारा सरासरी वेळ आणि रांगेची लांबी यांकडे पाहावे.

कर्नल बदलल्यावर पडलेला फरकही खरा आहे. हा काळ मोजण्याचा खर्च कमी करण्यासाठी ५.० या आवृत्तीपासून ज्या जिफीमध्ये (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यात) एखादी विनंती सुरू झाली किंवा संपली, त्या जिफी मोजण्याची ढोबळ पद्धत आली, आणि पुढील आवृत्त्यांत तिच्यात दुरुस्त्याही झाल्या. कर्नल २५० हर्ट्झवर बांधलेला असेल तर एक जिफी ४ मिलिसेकंदांची असते. काही मायक्रोसेकंदांत संपणाऱ्या विनंतीसाठी ही फूटपट्टी फारच जाडीभरडी आहे. म्हणून या रकान्यावर ‘अमुक इतकेच’ अशी अट घालणारी चाचणी दर काही आवृत्त्यांनी मोडणार. संख्या आणि सेक्टर यांवर काटेकोर अट ठेवा, वेळेवर सैल.

रकाने मोजून वाचणारा कोड असेल तर त्याकडेही एकदा पाहून घ्या. पूर्वी डिस्कस्टॅट्समध्ये १४ रकाने असत, ४.१८ मध्ये डिस्कार्डचे (नको असलेली जागा डिस्कला कळवण्याचे) ४ आणि ५.५ मध्ये फ्लशचे (डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधील मजकूर पक्का करण्याचे) २ वाढून ते २० झाले.

प्रश्न : मी एका डाळमिलच्या हिशोबाचा सर्व्हर सांभाळतो. डिस्कस्टॅट्समधील सर्व ओळींची बेरीज केली की प्रत्यक्ष लेखनाच्या कितीतरी पट आकडा येतो. आमच्या डिस्कचा सेक्टर ४०९६ बाइटचा आहे, म्हणून सेक्टरांना ४०९६ ने गुणतो. — एक वाचक, लातूर

उत्तर : गुणाकार चुकतो आहे. डिस्कचा स्वतःचा सेक्टर कितीही मोठा असला तरी या फाइलीतील सेक्टर नेहमी ५१२ बाइटचाच असतो. त्यामुळे आपला आकडा आठपट होतो. बेरजेतही घोळ आहे, कारण पूर्ण डिस्क, तिचे पार्टिशन आणि त्यावरील एलव्हीएमचे (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेचे) व्हॉल्यूम यांच्या ओळी वेगवेगळ्या असतात आणि एकच लेखन तिन्हींत चढते. केवळ पूर्ण डिस्कांच्या ओळी घ्याव्यात.

प्रश्न : दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसची ‘आयओ’ फाइल उघडायला गेल्यास परवानगी नाकारली जाते, मात्र बाकीच्या कित्येक फाइली वाचता येतात. असे का? — एक प्राध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : पूर्वी ती सर्वांना वाचता येत असे. २०११ मध्ये असे दाखवून देण्यात आले की हे आकडे पुन्हा पुन्हा वाचून दुसऱ्याच्या पासवर्डची लांबी ओळखता येते. त्यानंतर ती मालक आणि रूट यांच्यापुरती मर्यादित केली गेली. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात प्रोग्रॅमने स्वतःचीच फाइल वाचावी, म्हणजे रूटचा पासवर्ड कोणाला द्यावा लागत नाही. मात्र ही फाइल वाचणे हेही एक वाचनच असल्याने त्याचे बाइट आर-चारमध्ये (वाचलेल्या बाइटांच्या आकड्यात) मिळवले जातात आणि पुढच्या वाचनात दिसतात. तेवढे बाइट वजा केल्याशिवाय आर-चारची चाचणी जुळणार नाही.