नवरा संक्रांतीला आला, मग सात आठवडे कसे?

प्रश्न : ताई नमस्कार, मी मानेवाड्याला सासरी राहते, मिस्टर हैदराबादला जॉबला आहेत. संक्रांतीला १४ जानेवारीला सकाळी आले नि १७ ला परत गेले, त्याआधी दिवाळीनंतर आलेच नव्हते, त्यामुळे दिवस कधी राहिले हे मला पक्कं माहीत आहे. २० फेब्रुवारीला सोनोग्राफी केली तर रिपोर्टवर सात आठवडे! मी बोटांवर मोजले तर पाचच भरतात. जाऊबाईंनी रिपोर्ट वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि नुसतं "हंऽऽ" केलं, तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. त्यात सासूबाई म्हणतात संक्रांतीपासून नऊ महिने नऊ दिवस मोज, म्हणजे २३ ऑक्टोबर, आणि डॉक्टरांनी कार्डावर लिहिलंय ९ ऑक्टोबर. मिस्टरांनी सुट्टी कधीची टाकायची? पाळी २ जानेवारीला आली होती, २८ दिवसांची, एकदम रेग्युलर.

उत्तर : अगं बाई, आधी पोटभर जेव. रिपोर्टही बरोबर आणि तूही बरोबर. डॉक्टर लोक आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, नवरा आला त्या दिवसापासून नाही. म्हणजे त्या हिशोबातले पहिले दोन आठवडे पोटात कोणी नसतंच बाप्पा! पाळीची तारीख बाईला आठवते, बीज कधी सुटलं ते कोणाला दिसत नाही, म्हणून ही पद्धत पडली. आता मोज, २ जानेवारी ते २० फेब्रुवारी बरोब्बर ४९ दिवस, सात आठवडे. २८ दिवसांच्या पाळीत बीज साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, म्हणजे १५-१६ जानेवारी, आणि तेव्हा जावईबापू घरात तिळगूळ खात बसले होते. मशीन तरी काय करतं, बाळाची लांबी मोजतं, जी या वेळी जेमतेम एक सेंटीमीटर असते, आणि ते दोन आठवडे धरूनच आकडा छापतं. त्यामुळे हा रिपोर्ट उलट तुझ्याच बाजूने बोलतोय, जाऊबाईंना हे पान वाचायला दे.

आता तारीख. पाळीपासून धरले तर २८० दिवस, गर्भ राहिल्यापासून धरले तर २६६. घरच्या घरी करायचं तर पाळीच्या तारखेत नऊ महिने नि सात दिवस मिळव, २ जानेवारीचं ९ ऑक्टोबर झालं. गर्भ राहिल्याची तारीख माहीत असेल तर नऊ महिने पुढे जा आणि सात दिवस मागे ये, १६ जानेवारीवरून १६ ऑक्टोबर, तिथून मागे ९. जुळलं ना? सासूबाईंचे नऊ महिने नऊ दिवस काही वाईट नाहीत, फक्त सुरुवात चुकली. तेच २ जानेवारीपासून मोजले तर ११ ऑक्टोबर येते, डॉक्टरांपेक्षा दोनच दिवस पुढे. जुन्या बायका पाळीपासूनच मोजत असाव्यात असं मला आपलं वाटतं.

एक मात्र सांगते, "पक्कं माहीत" म्हणतेस तेही तितकं पक्कं नसतं. पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतं, स्त्रीबीज फार तर एक दिवस. म्हणजे मिस्टरांची गाडी हैदराबादला पोचल्यावरही इकडे गर्भ राहू शकतो! आणि क्लिनिकमध्ये ती पुठ्ठ्याची गोल चकती फिरवून तारीख काढतात ना, तिचा मधला रिव्हेट ढिला झाला की दोन दिवस इकडे-तिकडे होतातच, त्यावरून भांडायचं नाही.

सुट्टीचं म्हणशील तर ठरलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे १८ सप्टेंबरला भरतात, ४१ होतात १६ ऑक्टोबरला, यात कधीही. म्हणून सुट्टी ९ ला सुरू करून १५ ला संपवू नका, उगाच बाळ यायच्या आत रजा संपायची. साहेबांना आत्ताच सांगून ठेवा, कळा सुरू झाल्या की रात्रीची गाडी, आणि जास्तीत जास्त रजा बाळंतपणानंतर.

प्रश्न : मला पीसीओडी आहे, पाळी कधी ४० तर कधी ५० दिवसांनी येते. तीन सोनोग्राफ्या झाल्या, तिन्हीत तारीख वेगळी. कोणती धरू? (नंदनवन)

उत्तर : तुमच्या बाबतीत पाळीवरून काढलेली तारीख सोडूनच द्या, बीजच उशिरा सुटतं म्हटल्यावर तो हिशोब दोन-तीन आठवड्यांनी सहज चुकतो. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी धरा, तिच्यात फार तर पाच-सात दिवसांचा फरक. तेव्हा सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात. पुढे कोणी आईबापावर जाऊन लांब-रुंद होतं, कोणी बारीक राहतं, त्यामुळे आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवरची तारीख ही बाळाच्या मापावरून काढलेली असते, वेळेवरून नाही. वजन कमी वाटलं तर डॉक्टरांना ते जरूर विचारा, पण कार्डावरची पहिली तारीख कोणी पेनाने खोडायला लागलं तर का म्हणून विचारल्याशिवाय खोडू देऊ नका.