आधी पान उलटून बघ

बाळा, सलाम.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, एवढा लांबलचक, आणि त्यातून शेवटी दोनच गोष्टी निघाल्या. एक, तरुण संघानं फंडासाठी लावलेल्या गुलाबांची पानं गळायला लागलीत, तर कुठलं औषध मारू. दुसरं, पापुआ न्यू गिनीतल्या त्या लुथरन मिशनच्या दवाखान्याला पैसे पाठवायचे का नाहीत, कारण कमिटीतले म्हणतायत आपल्याच चर्चचे पत्रे गळतात आणि आपण लुथरन पण नाही. तुला वाटतंय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मला नाही वाटत.

द्यावं का नाही हे मी तुला सांगत बसणार नाही, ते तुला माहितीय. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब 1852 ला कोल्हापुरात आले तेव्हा तिकडं अमेरिकेत कुणीतरी आपल्या घरचे पत्रे गळत असताना पैसे काढलेच असतील की. तो वाद मिटला. माझा राग वेगळ्यावर आहे. तू पान उलटून बघितलंस का? गुलाबाचं पण, आणि त्या दवाखान्याचं पण. मेसेजमध्ये कुठंच दिसलं नाही.

आधी गुलाब. पानं वरून धुरकट, तांबूस झालीत म्हणतोस आणि मार्च लागलाय, म्हणजे मला तरी लाल कोळी, पानाच्या खालच्या बाजूला राहणारा तो बारका जीव, वाटतोय, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नको. पांढरा कागद घे, त्याच्यावर पान धरून टिचकी मार. धुळीसारखे ठिपके पडले आणि क्षणभरानं ते चालायला लागले तर कोळी. बोटानं चिरडलं की लालसर रेघ उठते. कोळी हा किडा नव्हे, आठ पायांचा असतो, म्हणून शाहूपुरीतल्या दुकानातनं आणलेलं नेहमीचं कीटकनाशक त्याला फारसं काही करत नाही, उलट त्याला खाणारे बारके जीव मरतात आणि आठ-दहा दिवसांत कोळी दुप्पट. हे मी पुस्तकातनं सांगत नाही. एका कापणीच्या सणाच्या आधी मला मावा दिसला, थोडाच होता, कोवळ्या शेंड्यावर, आणि त्याच शेंड्यावर ढालकिडे पण होते, लाल, काळ्या ठिपक्यांचे, ते बिचारे मावाच खात होते. मी घाईत सगळ्यांवर जहाल औषध मारलं. मावा गेला, ढालकिडे गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात कोळ्यानं बाग खाल्ली. त्यावर कडी म्हणजे कुणीतरी गंधक सांगितलं, मी भर दुपारी मारलं, पानं करपली. गंधक कोळ्यावर आणि भुरीवर, म्हणजे पानावरच्या पांढऱ्या बुरशीवर, चालतं, पण कोल्हापूरच्या चैत्रातल्या उन्हात नाही.

तू सध्या एवढंच कर. सकाळी लवकर पाईप घेऊन पानांच्या खालून जोरात पाणी मार, एक दिवसाआड, दोन आठवडे. फार झालेली पानं तोडून जाळ, झाडाखाली टाकू नको. मग संध्याकाळी निंबोळी अर्क, पाच टक्के, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळायची, थोडा साबण. खालूनच मारायचं. आणि पहिला वळीव झाला की संध्याकाळी बॅटरी घेऊन बाहेर पड, कारण हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे फक्त बाभळीवर आणि कडुनिंबावर जातात असं आपले ऊसवाले समजतात, ते गुलाबाची पानं पण चाळणी करतात. झटकून रॉकेलच्या पाण्यात टाक.

आता पैसे. आम्ही तुझ्याएवढे होतो तेव्हा आम्हीपण बाहेरच्या एका मिशनला मदत केली होती. स्वेटर गोळा केले. चांगले, लोकरीचे, बायकांनी रात्री जागून विणलेले. गठ्ठे बांधून पाठवले, पोस्टाचा खर्च स्वेटरच्या किमतीहून जास्त. तिथं वर डोंगरात थंडी असते खरी, पण आमचे स्वेटर गेले किनाऱ्यावर, जिथं माणूस बारा महिने घामानं भिजतो. विचारायला एक पत्र लागलं असतं. आम्ही लिहिलं नाही, आम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. दिला.

आणि हे आमचंच नाही. 1706 ला झिगेनबाल्ग आणि प्लुशाऊ हे दोन जर्मन मिशनरी डेन्मार्कच्या राजानं पाठवले म्हणून तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले, पाठीशी जर्मनीतल्या हाल्लेची माणसं होती, प्रामाणिक, पैसे देणारी. छपाईचे तमिळ टाईप, म्हणजे अक्षरांचे खिळे, त्या हाल्लेच्या माणसांनी तिकडंच ओतून पाठवले. अक्षरं मोठी झाली, कागद पुरेना. मग इथं बारकी अक्षरं ओतली आणि 1715 ला बायबलचा तमिळ नवा करार छापून पुरा झाला. देणारे चांगले होते, फक्त कागद कुणाला विकत घ्यावा लागतो ते त्यांना तिकडनं दिसत नव्हतं.

म्हणून त्या दवाखान्याला विचार. काय पाठवू असं नको विचारू, लोक लाजतात आणि जे मिळेल ते म्हणतात. महिन्याला नेमकं काय संपतं, डिझेल, पट्ट्या, नर्सचा पगार, ते विचार. कमिटीत मला शंकेखोर म्हणतात, एकदा तर हिशोब मागितला म्हणून एका वडीलधाऱ्यानं माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. टाकू देत. शंका घेणं आणि बघणं यात फरक आहे, मी बघते. आणि स्वेटरच्या वेळी बघितलं नाही म्हणूनच जास्त बघते, हे मी मान्य करते, पण म्हणून काय चुकले?

बाकी व्यवहाराचं. आरबीआयच्या ज्या सवलतीतनं बाहेर पैसे जातात ती माणसाला आहे, संघाला किंवा ट्रस्टला नाही. त्यामुळं कुणाच्या तरी नावावरून पाठवावं लागेल, पॅन आणि बँकेचा परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म लागेल, तेव्हा कुणाच्या नावावर ते मीटिंगमध्ये लिहून घ्या, नाहीतर उद्या त्याच पोराच्या नावानं बोंब. बँकेचा चार्ज दरवेळी लागतो म्हणून महिन्याला चिल्लर नको, वर्षातनं दोनदा पाठवा. पण पाठवणार म्हटलं की पाठवा. मध्येच थांबवणं वाईट, आधी थोडं ठरवलेलं बरं.

आणि हो, तुझा तो पोस्टर बघितला, ज्याच्या नावावरनं लुथरन म्हणतात त्या ल्यूथरच्या शिक्क्यातला पांढरा गुलाब, त्यात लाल हृदय, त्यात काळा क्रूस. 1530 ला त्यानं एका पत्रात त्याचा अर्थ लिहिलाय तो तू छान मराठीत आणलास. फक्त त्या गुलाबावर कोळी नाही, तुझ्या गुलाबावर आहे.

रविवारी उपासनेला येताना एक खालचं पान कागदात गुंडाळून आण, पिशवीत कोंबू नको, घामतं. आणि त्यांचं पत्र आलेलं असेल तर ते पण आण, उत्तर आलं नसेल तर तू काय लिहिलंस ते आण.

तुझी मावशी