यादीत नाही म्हणजे रानात नाही?

प्रश्न : ताई, आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गावाला एक मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) आणि दोन बोड्या (लहान तळी) आहेत. मे महिन्यात शहरातून पाच जणांचं पथक आलं, चार दिवस राहिलं आणि पक्षी, झाडं, मासे लिहून गेलं. आता तलाव खोल करायचं काम निघालंय. त्या यादीत विशेष काही नाही, त्यामुळे काम करायला हरकत नाही, असं सांगतात. यादीत सारस नाही, देवधान (आपोआप उगवणारं रानटी धान) नाही, बेडूक तर एकही नाही. चार दिवसांत तलाव कळतो काय? अशा सर्वेक्षणाला अर्थ काय? यादीची प्रत सोबत जोडली आहे.
(एक वाचक, जि. गोंदिया)

उत्तर : भाऊ, प्रत जोडलीत हे फार बरं केलं. मी ती दोनदा वाचली.

आधी त्या पथकाच्या बाजूनं बोलते, कारण मीही वीस वर्षं हेच काम करते आहे. चार दिवसांचं सर्वेक्षण म्हणजे फसवणूक नव्हे. ही पद्धत निघाली ती घाई होती म्हणूनच. 1990 साली बोलिव्हियातल्या माडिडीच्या जंगलात टेड पार्कर, अल जेन्ट्री, रॉबिन फॉस्टर आणि लुईझ एमन्स असे चार जाणकार उतरले. उष्ण कटिबंधातली जंगलं इतक्या वेगानं तुटत होती की एकेका जंगलाचा वर्षानुवर्षं अभ्यास करत बसलं असतं, तर अभ्यास पुरा होईपर्यंत जंगलच उरलं नसतं. म्हणून काही आठवडे राहायचं, जे दिसेल-ऐकू येईल ते नोंदवायचं आणि कोणता भाग आधी वाचवायचा ते सांगायचं. पार्कर पहाटे अंधारात टेपवर आवाज टिपत बसायचे, हजारो पक्षी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचे. जेन्ट्री 50 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद असे दहा पट्टे आखून त्यातलं अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक खोड मोजायचे. 1993 मध्ये इक्वेडोरमध्ये अशाच कामावर असताना विमान कोसळून दोघंही गेले. 1995 मध्ये माडिडी राष्ट्रीय उद्यान झालं.

म्हणजे झटपट सर्वेक्षण "इथे हे आहे, याला हात लावू नका" असं सांगण्यासाठी निघालं. "इथे काही नाही, खणा" असं त्याच्या आधारे म्हणणं म्हणजे त्याचा उलटा वापर झाला. माझी तक्रार एवढ्याचीच आहे, आणि ती मोठी आहे.

आता तुमची यादी. पहिल्या दिवशी 38 पक्षी, दुसऱ्या दिवशी 9 नवे, तिसऱ्या दिवशी 7, चौथ्या दिवशी 8. शेवटच्या दिवशीही आठ नवे मिळतात याचा अर्थ यादी अजून भरलेली नाही. नवी नावं एक-दोनवर आली असती तर मी म्हटलं असतं, त्या ऋतूपुरतं बरंचसं हाती लागलं. मासे मात्र त्यांनी नीट लिहिले आहेत. मे महिन्यात पाणी आटलेलं असतं, जाळ्यात सगळं येतं, शिवाय सोबत गावातले ढीवर, म्हणजे मासेमारी करणारे, होते असं दिसतं. बाकीच्यांचं काय? हिवाळी बदकं तोवर परत गेलेली. सारसाची जोडी घरटं बांधते पावसाळ्यात, बांधीत (धानाच्या शेतात) पाणी भरल्यावर. आणि मोठा बेडूक उन्हाळाभर मातीत दडलेला. पहिला दणकून पाऊस झाला की नर पिवळेधमक होतात, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात. मे महिन्यात तो कुणाला दिसणार?

देवधानाबाबत मी स्वतः चुकले आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका बोडीची यादी मी फेब्रुवारीत दोन दिवसांत केली आणि संध्याकाळी पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून वाचून दाखवली. एक आजी म्हणाली, "यात देवधान नाही लिहिलंस, बाई." मला ते कुठंच दिसलं नव्हतं. ती उठली, काठावरचा ओला गाळ मुठीत घेतला, बोटांनी चोळला आणि नखानं एक काळपट दाणा बाहेर काढला. त्याला लांब तांबूस कुसळ होतं. पिकता पिकताच दाणा गळून पडतो, काड्या गुरं खाऊन टाकतात, आणि पुढच्या वर्षीचं देवधान त्या गाळात झोपून राहतं. तुमच्या तलावाचा काठ यंत्रानं खरवडला तर जाईल ते हेच.

रानपिंगळ्याचं, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडाचं, उदाहरण गावातल्या साहेबांना जरूर सांगा. 1884 नंतर 113 वर्षं तो कुणाला सापडला नाही. लोक धरून चालले, संपला. मधल्या काळातली 1914 ची एक नोंद खोटी निघाली, पुरावा म्हणून दाखवलेला पक्ष्याचा नमुना जुन्या संग्रहातून चोरलेला होता, आणि तिच्या भरवशावर शोध भलत्याच जागी झाला. 1997 मध्ये शहाद्याजवळ तो दिवसाउजेडी झाडाच्या उघड्या फांदीवर बसलेला सापडला. पुढे आपल्या मेळघाटातही मिळाला.

तर आता करायचं काय? ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती 2002 च्या जैवविविधता कायद्यानं असायलाच हवी आणि लोकांना विचारून नोंदवही करणं हे तिचं काम आहे. ती कागदावरच असेल तर ग्रामसभेत जागी करा. नोंदवहीत पहिला पाऊस, धान निसवतानाचे दिवस आणि हिवाळा अशा तीन वेळा तरी लिहा. नावापुढे तारीख, जागा, किती वेळ पाहिलं आणि कुणी पाहिलं हे हवंच. नाहीतर तुमचीही यादी त्यांच्यासारखीच लंगडी होईल. खोलीकरणाला सरसकट विरोध करू नका, सिंचनाला पाणी हवंच आहे. बेशरमाची झुडपं उपटा, मधला गाळ काढा, पण उथळ काठ आणि त्यावरचा गाळ तसाच राहू द्या, असं ठरावात स्पष्ट लिहून घ्या.

आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्याच रात्री दोन पोरं घेऊन पाळीवर जा. मोबाईलवर दहा मिनिटं आवाज टिपा, सुरुवातीला तारीख, वेळ आणि तलावाचं नाव मोठ्यानं बोला. ती फाईल मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. कोणकोणते बेडूक ओरडताहेत ते मी ऐकून लिहून कळवते, म्हणजे ठरावाला जोडता येईल.